चाकांवरचे घर आणि त्याचा लगाम

बँकेच्या नोकरीत मी जी असंख्य वाहनकर्जे मंजूर केली, त्यांच्या अर्जाचा नमुना आजही डोळ्यांसमोर आहे. अर्जदाराचे उत्पन्न, जामीनदार, इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, विम्याची मुदत, तारणाचे मूल्य असे सारे रकाने त्यात होते. गाडी किती माल वाहील आणि त्यातून महिन्याला किती मिळकत होईल, याचा हिशेब आम्ही बारकाईने मांडत असू. भरलेली गाडी उतारावर थांबणार कशी, हा रकाना मात्र त्या अर्जात नव्हता. निवृत्तीनंतर तो राहून गेलेला रकाना मला भरावा लागला. तोही परदेशात, आणि गाडीत माझ्या दोन नाती बसलेल्या असताना.

लेस्टरच्या अंगणातील पाहुणी

माझी कन्या व जावई गेली अनेक वर्षे इंग्लंडमधील लेस्टर शहरात स्थायिक आहेत. जावयांचे औषधांचे दुकान आहे. दुकानदाराला सुट्टी मिळते ती मोजकी, आणि मिळाली तरी बाहेरगावी जेवणाचा प्रश्न उभा राहतो. कांदा-लसणाशिवायचे, सूर्यास्तापूर्वीचे जेवण प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. म्हणून स्वयंपाकघर सोबत घेऊन हिंडता येईल अशी कॅम्पर व्हॅन घ्यावी, असे त्यांनी ठरवले. मी आणि सौ. उन्हाळ्यात त्यांच्याकडे पोहोचलो, तेव्हा अंगणात १९६९ सालची, खाली फिकट हिरवी आणि वर पांढरी अशी फोक्सवॅगन उभी होती. मुलींनी तिच्या पुढील काचेला हळदीकुंकवाची बोटेही लावली होती.

या गाडीचा इतिहास मनोरंजक आहे. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एका चौकोनी गाडीचे रेखाटन केले. पुढे चालक, मागे इंजिन आणि मधली सगळी जागा मालासाठी, अशी ती कल्पना होती. एका व्यापाऱ्याच्या वहीतून निघालेली ही गाडी मार्च १९५० मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे प्रत्यक्ष तयार होऊ लागली. तिचे पहिले इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात पलंग, कपाटे व चूल बसवण्यास प्रारंभ केला आणि मालगाडीचे घर झाले. १९६७ साली तिची दुसरी पिढी आली. पहिल्या पिढीतील दुभागलेल्या काचेऐवजी हिला पुढे एकसंध, फुगीर काच होती. आमच्या अंगणातील पाहुणी याच पिढीतील.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की मुळात ही गाडी मंदगतीच्या जगासाठी जन्मली होती. तिच्या तरुणपणी चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढील चाकांना डिस्क ब्रेक कारखान्यातूनच मिळू लागले ते ऑगस्ट १९७० पासून. आमच्या जावयांची गाडी त्यापूर्वीची.

पोर्लॉकचा उतार

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट परगण्यात एक्समूर नावाचे माळरान आहे. तेथून समुद्रकाठच्या पोर्लॉक गावात उतरणारा ए-३९ हा रस्ता त्या देशात उभ्या चढासाठी प्रसिद्ध आहे. काही ठिकाणी त्याचा उतार एकास चार इतका आहे, म्हणजे चार मीटर पुढे गेले की एक मीटर खाली. आपल्याकडील राष्ट्रीय महामार्गांवरील घाट यापेक्षा पुष्कळ सौम्य असतात. आम्ही पश्चिमेकडील लिंटनहून निघालो होतो. गाडीत चौघे मोठे, दोन मुली, पाण्याची भरलेली टाकी, गॅसची टाकी, छतावर तंबू आणि सौ.नी आग्रहाने घेतलेले स्टीलचे डबे होते. कणीक, डाळी, मसाले आणि लोखंडी तवा यांचे वजन कोणी केले नव्हते.

अर्धा उतार संपला असेल. जावई मधूनमधून ब्रेक लावत होते. अचानक ते गप्प झाले. त्यांचा पाय मला दिसत होता. पेडल आधी वीतभर वर लागत होते, ते आता जवळजवळ जमिनीपर्यंत जात होते आणि गाडी तरीही पुढे सरकत होती. गाडीत काहीतरी करपल्याचा उग्र वास भरला. जावयांनी प्रसंगावधान राखून दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात टाकला, इंजिन मोठ्याने ओरडले, आणि हँडब्रेक बेताबेताने ओढत त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या रुंद जागेत नेऊन उभी केली. पुढील दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

धाकटी नात म्हणाली, "आजोबा, गाडी दमली का?"

कोणीही बोलले नाही. अर्ध्या-पाऊण तासाने चाके थंड झाली आणि पेडल पुन्हा पूर्ववत घट्ट लागू लागले, जणू काही घडलेच नव्हते. हीच या दोषातील खरी फसवणूक आहे. गाडी थंड असताना तपासली तर ती निर्दोष दिसते.

उष्णतेचा जमाखर्च

त्या रात्री मला झोप आली नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, यंत्रशास्त्राचा नव्हे. तथापि जमाखर्च सर्वत्र सारखाच असतो, या विश्वासाने मी वही उघडली.

ब्रेक गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. गती नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या खात्यावर वर्ग होते. दोन टन वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर साधारण दीड लिटर थंड पाण्याला उकळी येईल. म्हणजे दहा-बारा माणसांचा चहा. ही सारी उष्णता चार चाकांतील धातूने काही सेकंदांत झेलायची आणि वाऱ्याला द्यायची असते. घाटाचा हिशेब तर याहून कठोर आहे. तीच गाडी उंचीने शंभर मीटर खाली उतरली, तर साधारण सव्वासहा लिटर पाणी उकळेल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. काही वाटा हवा घेते, बराचसा वाटा इंजिन घेऊ शकते, आणि चालकाने ते घेऊ दिले नाही तर उरलेला सगळा बोजा ब्रेकवर पडतो.

वेगाचे गणित आणखी फसवे आहे. ब्रिटनमध्ये वाहन चालवण्याची परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला 'हायवे कोड' या नियमपुस्तिकेतील एक तक्ता शिकावा लागतो. त्यानुसार ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यापासून १४ मीटरांत थांबते. वेग दुप्पट करून ६० मैल केला, तर अंतर २८ नव्हे, ५५ मीटर लागते. वेग दुप्पट, अंतर चौपट. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे लवकर समजावे. आणि या अंतरात चालकाच्या प्रतिसादाचा वेळ धरलेला नाही, तो निराळा.

आता ड्रम आणि डिस्क यांतील भेद पाहू. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारे एक झाकलेले भांडे. त्याच्या आतून दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्या बाहेर फाकतात आणि त्यांवरील लायनिंग ड्रमला घासते. उष्णता आतल्या आत कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनिंगपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जाऊ लागते, शिवाय फार तापलेल्या लायनिंगची पकडही घटते. डिस्क म्हणजे उघडी तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा घेतात, सायकलच्या रिमला रबरी गुटके घेतात तसा. तबकडीला सतत वारा लागतो आणि ती लवकर निवते.

यात आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे ब्रेक ऑइल. पायाचा दाब चाकापर्यंत हे द्रव पोहोचवते. त्याचा दुर्गुण असा, की ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो, पण दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पुरावा नाहीसा होतो. पोर्लॉकच्या उतारावर नेमके हेच घडले होते.

एक जुने खाते

जावयाच्या संसारात सासऱ्याने सल्ला द्यावा काय, हा प्रश्न माझ्यासारख्याला सोपा नाही. त्यातही जावयांनी त्या वर्षीची शिल्लक मोठ्या इंजिनासाठी राखून ठेवली होती. चढावर गाडी कुरकुरते, याचे त्यांना वाईट वाटे. मी गप्प राहिलो असतो. परंतु मला एक जुने खाते आठवले.

नोकरीच्या मधल्या काळात मी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी शाखाधिकारी होतो. तेथील एका किराणा व्यापाऱ्याने आपल्या टेम्पोचा हौदा वाढवण्यासाठी कर्ज मागितले. माणूस सचोटीचा, हप्ता कधी चुकला नव्हता. फेऱ्या कमी होतील, डिझेल वाचेल, नफा वाढेल, असा त्याचा प्रस्ताव होता. मी तो वाचला, आकडे तपासले आणि शिफारस करून सही केली. पुढच्या पावसाळ्यात तोच टेम्पो घाट उतरताना चरात गेला. चालक वाचला, पण त्याचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी त्याला रुग्णालयात भेटलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, ब्रेक दाबला होता. पण गाडी ऐकेना."

विम्याची रक्कम आली, कर्जखाते पूर्ण फेडून बंद झाले. बँकेच्या दृष्टीने त्या व्यवहारात काहीच बिघडले नव्हते. वाढीव मालाची मिळकत मी मोजली होती. त्या मालाला थांबवण्याची तरतूद मात्र मी विचारली नव्हती. एखादी बँक ठेवींच्या प्रमाणात राखीव निधी न ठेवता कर्जे वाढवीत गेली, तर आपण तिला बेजबाबदार म्हणतो. मी त्या टेम्पोच्या बाबतीत दुसरे काय केले होते?

सकाळी मी म्हणालो, "जावईबापू, राग मानू नका. इंजिन थोडे थांबेल. आधी ब्रेक पाहू या."

ते म्हणाले, "बाबा, गाडी विकत घेताना ब्रेक उत्तम होते. मी स्वतः चालवून पाहिली होती."

कन्येने काहीही न बोलता फाइलमधून इंजिनाचे अंदाजपत्रक काढले आणि सगळ्या कागदांच्या खाली ठेवले. तो विषय तेथेच मिटला.

पावत्यांचे अंकेक्षण

गाडीसोबत पूर्वीच्या मालकाने एक जाडजूड फाइल दिली होती. मी ती दोन दिवस वाचली. रंगकामाच्या पावत्या होत्या, गाद्यांच्या कापडाच्या होत्या, वर उघडणाऱ्या छताच्या, पडद्यांच्या, क्रोमच्या पट्ट्यांच्या होत्या. ब्रेक ऑइल बदलल्याची एकही पावती नव्हती. होज पाइपची नव्हती. टायरची एक होती, पण फार जुनी. टायरच्या कडेवर चार अंकी संकेत असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. तो वाचल्यावर कळले की नक्षी शाबूत असली, तरी रबर मुलींपेक्षाही वयाने मोठे आहे.

जुन्या गाड्यांचे काम करणारा एक अनुभवी मेकॅनिक लेस्टरजवळ भेटला. ब्रेकचे काम पुस्तक वाचून प्रथमच घरी करू नये, यावर माझा व त्याचा लगेच मतैक्य झाला. त्याने चारही ड्रम उघडले. मागील एका चाकाचा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनिंग ऑइलने भिजले होते. पुढील रबरी होज बाहेरून बरे दिसत होते, पण आतून फुगून त्यांची वाट अरुंद झाली होती. अशा होजमधून दाब जातो, पण परत येत नाही, त्यामुळे पाय काढल्यावरही चाक घासत राहते आणि विनाकारण तापते. ऑइलचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. लोखंडी नळ्या गंजल्या होत्या, कारण त्या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात.

मेकॅनिकच्या बोलण्याचा आशय असा, की जुने ब्रेक जितके वाईट दिसले, तितके ते मुळात वाईट नव्हते. त्यांची आबाळ झाली होती. आधी जुने नीट करावे, मगच नव्याचा विचार करावा. पाझरत्या सिलिंडरशेजारी चकचकीत डिस्क बसवणे म्हणजे तोट्यातल्या दुकानाला नवी पाटी लावणे होय.

सुधारणा कोणत्या क्रमाने

त्याने सांगितलेला क्रम मी वहीत उतरवून घेतला. तो कोणत्याही जुन्या, जड वाहनास लागू पडतो.

पहिले काम वजनाचे. गाडी पूर्ण भरून सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. कारखान्याने ठरवलेल्या कमाल वजनाच्या ती फार जवळ निघाली. पाण्याची टाकी मुक्कामी पोहोचल्यावर भरायची असे ठरले, कारण ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो वजन. सौ.नी लोखंडी तवा ठेवला आणि स्टीलच्या डब्यांच्या जागी हलके डबे स्वीकारले. ही सुधारणा बिनखर्चाची होती आणि सर्वांत अवघडही.

दुसरे काम टायरांचे. ब्रेक चाक थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. या गाडीला साध्या मोटारीचे टायर चालत नाहीत, मालवाहू प्रतीचे, भक्कम कडांचे लागतात. ते चारही नवे घेतले.

तिसरे काम जुन्याच्या दुरुस्तीचे. सर्व होज नवे, गंजणार नाहीत अशा तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या, मागे नवे व्हील सिलिंडर व लायनिंग, आणि हँडब्रेकच्या तारांची दुरुस्ती. त्या दिवशी आम्हाला वाचवले होते ते हँडब्रेकनेच.

यानंतर पुढील चाकांना डिस्क. येथे एक खोच आहे. १९७० पर्यंतच्या गाड्यांत चाकाचे पाच बोल्ट २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असत. कारखान्याने डिस्क दिल्या, त्याच सुमारास हे वर्तुळ ११२ मिलिमीटरचे झाले. म्हणून नंतरच्या गाडीचे भाग जसेच्या तसे उचलून लावले, तर पुढची चाके एका मापाची व मागची दुसऱ्या मापाची होतात आणि जादा चाक एकाच बाजूला उपयोगी पडते. आम्ही जुन्या मापालाच जुळणाऱ्या डिस्क घेतल्या.

डिस्कसोबत मास्टर सिलिंडरही बदलावा लागला. डिस्कच्या चिमट्याला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागते. सिलिंडर लहान पडला, तर पेडल खोल जाते. गरजेपेक्षा मोठा घेतला, तर पायाला फार जोर लागतो. शिवाय काही जुन्या मास्टर सिलिंडरांत ड्रमच्या नळीत थोडा दाब सतत राखणारी एक झडप असते. ती डिस्कच्या नळीत राहून गेली, तर पॅड कायम घासत राहतात. आमच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग होते. एक फुटला तरी दुसरा काम करतो. याहून जुन्या गाड्यांत एकच मार्ग असे. ज्यांच्याकडे तशी गाडी आहे, त्यांनी डिस्कच्याही आधी ही सुधारणा करावी.

शेवटी सर्व्हो. हे उपकरण इंजिनाच्या निर्वाताचा उपयोग करून पायाचे श्रम हलके करते. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून ते आवश्यक ठरते. परंतु सर्व्होमुळे ब्रेकची उष्णता झेलण्याची क्षमता वाढत नाही. पाय हलका पडू लागला म्हणजे ब्रेक बलवान झाले, हा गैरसमज अनेकांचा होतो. आणि इंजिन बंद केले, तर दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर ही मदत संपते.

हे सारे करताना पुढच्या-मागच्या चाकांचा तोल राखावा लागतो. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मनाला येईल तो भाग निवडून चालत नाही. सगळे एकमेकांना जुळणारे घ्यावे लागते.

चाचणी

नवे पॅड पहिल्याच दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगावरून गाडी अनेकदा हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे ब्रेक निवू द्यायचे, असे करत ते डिस्कवर बसवावे लागतात. त्यानंतर जावई गाडी सरकारमान्य तपासणी केंद्रावर घेऊन गेले. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून तपासणी टाळावी, असे आम्हाला वाटले नाही. केंद्रात प्रत्येक चाक रोलरवर फिरवून त्याचा ब्रेक स्वतंत्रपणे मोजतात. डाव्या-उजव्या चाकांत मोठी तफावत असली, तर गाडी नापास होते. आमची उत्तीर्ण झाली. विमा कंपनीलाही फेरफाराची लेखी सूचना दिली. ती देण्याचे सुचवणे हा माझा चाळीस वर्षांच्या सवयीचा भाग होता.

आपल्या घाटांसाठी

परत आल्यावर जाणवले, की ही कथा जर्मन गाडीची असली, तरी तिचा बोध आपल्या दारात उभा आहे. आपल्याकडेही कुटुंबे ट्रॅव्हलर गाडी घेऊन, सोबत शेगडी, भांडी आणि आचारी घेऊन तीर्थयात्रेला निघतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे. अशा गाडीसाठी काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात.

एक, घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे ही आपल्या रस्त्यांवरील घातक सवय आहे. तसे केले की इंजिनाचा सगळा वाटा ब्रेकच्या अंगावर पडतो. इंजिन बंद केले, तर पायाची मदतही जाते. वाचलेल्या डिझेलची किंमत आणि डावावर लावलेल्या जिवांची किंमत हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारा नाही.

दोन, ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. भाड्याची गाडी ठरवताना आसने व वातानुकूलन यांच्याआधी हा प्रश्न विचारावा. चालक चिडला तरी चालेल.

तीन, टपावर सामान चढवण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील कमाल वजन वाचावे.

चार, पेडल मऊ लागले, खोल गेले किंवा करपल्याचा वास आला, तर 'पुढच्या गावात पाहू' असे म्हणू नये. खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबावे आणि चाके आपोआप निवू द्यावीत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये.

पाच, वाहनात फेरफार करण्यापूर्वी कायदा पाहावा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मनाने करता येत नाही. आपल्याकडील आधुनिक गाड्यांच्या ब्रेकमध्ये कारागिराकडून प्रयोग करून घेण्याऐवजी मूळ कंपनीच्या प्रतीचे भाग व वेळेवर देखभाल हीच खरी सुधारणा होय.

पुन्हा तोच डोंगर

आमच्या परतीपूर्वी जावयांनी पुन्हा एक्समूरची सहल ठरवली. नाती आधी कुरकुरल्या, मग तयार झाल्या. डोंगरमाथ्यावर पोहोचल्यावर मला वाटले, आता ते नवे ब्रेक आजमावणार. त्यांनी मात्र गाडी बाजूच्या टोल रस्त्याकडे वळवली. तो रस्ता अधिक लांब, झाडीतून वळणे घेत सौम्य उताराने त्याच गावात उतरतो. त्यासाठी थोडे पैसे द्यावे लागतात.

मी विचारले, "एवढा खर्च करून ब्रेक बसवले, आणि आता हा रस्ता?"

ते हसून म्हणाले, "बाबा, राखीव निधी खर्च करण्यासाठी असतो का?"

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे उतरत होती. धाकट्या नातीने खिडकीतून हात काढून चाकाकडे वाकून पाहिले. तिला आत ओढत सौ.नी विचारले, "काय पाहतेस गं?"

"दमली नाही," ती म्हणाली.

पोर्लॉकला पोहोचलो तेव्हा सूर्य अजून बराच वर होता. समुद्राकडे तोंड करून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि सौ.नी हलक्या डब्यांतून कणीक काढली. मी खिशातली वही उघडून जुन्या अर्जात नसलेला रकाना लिहिला आणि त्यापुढे नोंद केली: तपासले, पुरेसे आहे.